त्रेचाळिसावा करार

‘फाइली इथंच बसून बघायच्या. एकही कागद बाहेर न्यायचा नाही,’ असं म्हणून सिस्टर एस्तेर सातपुते यांनी बेचाळीस फाइलींचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मी बाहेर काही नेते का हे बघायलाच बहुतेक.

सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची ती रेकॉर्डची खोली. हॉस्पिटल अजून चालू आहे, म्हणून नाव सांगत नाही. सिस्टर सातपुते तिथल्या मेट्रन. मिरजेच्या ख्रिस्ती घरातल्या, पन्नाशी उलटलेल्या, पांढरी साडी, घट्ट बांधलेले केस आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या वॉर्डात शिरल्या की रुग्णांचे नातेवाईकसुद्धा नीट उभे राहत. मी सत्तावीस वर्षांची होते. सनद मिळून दोन वर्षं झाली होती आणि अ‍ॅडव्होकेट भूपाल मगदूम यांच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून मी तारखा घेणं आणि झेरॉक्स काढणं एवढंच करत होते.

हॉस्पिटलचे मालक डॉ. कोठावळे मगदूम सरांचे जुने अशील. त्यांच्याकडे दर्जाच्या तपासणीसाठी बाहेरची समिती यायची होती आणि परिचारिकांचे लेखी करार दाखवावे लागणार होते. तोवर एकीजवळही नेमणुकीचा धड कागद नव्हता. सरांनी कुठल्याशा कारखान्याच्या सुपरवायझरांसाठी केलेला इंग्रजी मसुदा माझ्याकडे टाकला आणि नावं, हुद्दे बदलून टाक म्हणाले. मी बदलले. दोन ठिकाणी ‘मशीन’ हा शब्द तसाच राहिला होता, तो नंतर सापडला. नववं कलम डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं: परिचारिकेची मूळ प्रमाणपत्रं तीन वर्षं हॉस्पिटलच्या ताब्यात राहतील आणि नोकरी सोडल्यावर दोन वर्षं ती जिल्ह्यात दुसरीकडे काम करणार नाही. तेही मी टाइप केलं. टाइप करताना मला काही वाटलं नव्हतं, हे आज सांगायला लाज वाटते.

त्या दिवशी मी गेले होते ते फक्त प्रत्येकीचा नोंदणी क्रमांक करारात भरायला. आपल्या राज्याच्या परिचारिका अधिनियमाप्रमाणे प्रत्येक नर्सची परिषदेकडे नोंद लागते आणि दर पाच वर्षांनी ती नव्यानं करून घ्यावी लागते. मी एकेक फाइल उघडून क्रमांक उतरवत गेले. सातव्या फाइलीत मुदत संपलेली दिसली. बाराव्या फाइलीत पुन्हा. शेवटपर्यंत गेले तेव्हा अशा अकरा झाल्या होत्या.

‘सिस्टर, या अकरा जणींची नोंदणी संपलीय.’

‘माहीत आहे.’

‘मग करून का घेत नाहीत?’

त्यांनी कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे बोट केलं. ‘सगळ्यांचे मूळ कागद त्यात आहेत. नोंदणीचा अर्ज करायचा तर ते मागायला लागतात. मागितले की ही सोडून चालली असं वरच्यांना वाटतं. मग तिची सुट्टी अडते, पाळी बदलते. कशाला मागतील?’

‘किल्ली कुणाकडे असते?’

‘माझ्याकडे,’ त्या म्हणाल्या. आवाजात ना अभिमान होता ना संकोच.

मी बोलणार तोच दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. आयसीयूची सारिका ऐवळे, जत तालुक्यातली, तीन वर्षांपासून तिथं काम करत होती. सरकारी दवाखान्याच्या भरतीत तिचं नाव निवडीच्या यादीत आलं होतं आणि पुढच्या गुरुवारी कोल्हापुरात कागदांची पडताळणी होती. मूळ प्रमाणपत्रं सोबत नसली तर नाव गळणार होतं. हे सगळं तिनं खालमानेनं, पाठ केल्यासारखं सांगितलं.

‘डॉक्टरांचा लेखी आदेश आण,’ सिस्टर म्हणाल्या.

‘ते भेटत नाहीत, सिस्टर. दोन वेळा गेले.’

‘मग मला कपाट उघडता येत नाही.’

सारिका ‘बरं’ म्हणून गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. सिस्टर सातपुतेंनी समोरच्या रजिस्टरचं पान उलटलं आणि वाचायला लागल्या. इतकी कोरडी बाई मी पाहिली नाही, असं माझ्या मनात आलं. पण मी टाइप केलेलं नववं कलम माझ्याच पिशवीत होतं, आणि ते त्या कपाटाहून काही वेगळं नव्हतं.

त्यानंतरचे चार दिवस मी वकिलांच्या लायब्ररीत काढले. परिचारिका अधिनियम वाचला, खासगी हॉस्पिटलांच्या नोंदणीचा राज्याचा कायदा वाचला, करार कायदा पुन्हा वाचला. जसजशी वाचत गेले तसतसं लक्षात आलं की आम्ही केलेला मसुदा नुसता कठोर नव्हता, तो चुकीचाही होता. नोंदणी संपलेली नर्स खाटेजवळ उभी असली तर प्रश्न तिच्या एकटीचा राहत नव्हता, हॉस्पिटलच्या परवान्यापर्यंत जात होता. आणि नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही ही अट कुठल्याही कोर्टात पहिल्याच तारखेला पडली असती.

मी सगळं फाडलं आणि नव्यानं लिहायला बसले. मराठीत. ज्यांनी सही करायची त्यांना वाचता यावं, एवढा एकच विचार होता. पहिला खर्डा घेऊन मी रविवारी सिस्टर सातपुतेंकडेच गेले. दुसरं कुणाला विचारावं ते मला कळत नव्हतं. वाटलं होतं, बघणारही नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि पेन्सिल घेतली.

‘“प्रस्तुत परिचारिका” म्हणजे कोण? “तुम्ही” लिहा,’ त्या म्हणाल्या. ‘“अन्य अनुषंगिक कामे” हे काय आहे?’

‘म्हणजे इतर जी लागतील ती कामं.’

‘ते काढा. त्याच्या जोरावर पोरींना डॉक्टरांच्या घरच्या पूजेला पाणी द्यायला पाठवतात. रुग्णाचं काम, एवढंच लिहा. आणि पाळी संपली म्हणजे काय ते लिहा. घड्याळात दोन वाजले म्हणजे पाळी संपत नाही. पुढची आली, तिला प्रत्येक रुग्ण समजावून सांगितला, तिनं सही केली, मग संपली. हे दोघींनाही बांधून घाला.’

दोन तास आम्ही बसलो. नर्सची मूळ प्रमाणपत्रं रुजू होताना तपासावीत, प्रत ठेवून घ्यावी आणि मूळ त्याच दिवशी परत करावीत, असं मी नवव्या कलमात लिहिलं होतं. तिथं आल्यावर त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पान उलटलं.

सोमवारी मगदूम सरांनी मसुदा वाचला. वाचताना ते कधी बोलत नसत. शेवटचं पान खाली ठेवून म्हणाले, ‘संयोगिता, आपण हॉस्पिटलचे वकील आहोत. नर्सेसचे नाही.’

‘हॉस्पिटलच्याच बाजूनं लिहिलंय, सर.’

‘अशिलाला असं वाटणार नाही.’

‘जुन्या मसुद्यावर त्यांची सही घेतली आणि उद्या कुणी परवान्याचा प्रश्न काढला, तर तो मसुदा कुणी केला हेही विचारतील.’

सरांनी डॉक्टरांना फोन लावून बुधवारी दुपारची वेळ घेतली. फोन ठेवून मला म्हणाले, ‘बोलायचं तू. मी नुसता बसणार आहे. पडलीस तर उचलायला येणार नाही.’

बुधवारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. डॉ. कोठावळे, मगदूम सर, मी आणि भिंतीजवळच्या खुर्चीत सिस्टर सातपुते. डॉक्टरांनी मसुदा वाचून ठेवलेला होता. ते चांगले सर्जन होते आणि माणूस म्हणूनही वाईट नव्हते, हे आधी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात त्यांच्या आयसीयूतल्या पाच नर्सेस न सांगता निघून गेल्या होत्या. व्हेंटिलेटरवर चार रुग्ण होते. तीन दिवस डॉक्टर आणि सिस्टर सातपुते घरी गेले नव्हते. तेव्हापासून त्यांनी कपाटाचा नियम आणखी कडक केला होता.

मी अकरा नावांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. नोंदणीचं सांगितलं, परवान्याचं सांगितलं, बाहेरची समिती सगळ्यात आधी हीच तारीख बघेल हेही सांगितलं. वाक्यं नीट येत होती. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी यादी बाजूला सारली.

‘ठीक आहे, या अकरा जणींचे कागद काढून देऊ. नोंदणी करून आणतील, पुन्हा कपाटात ठेवतील. नववं कलम मात्र जुनंच राहू द्या.’

‘ते टिकणार नाही, डॉक्टर.’

‘कोर्टात टिकणार नाही. इथं टिकेल. मला एक सांगा, उद्या पुन्हा पाच जणी गेल्या तर माझे रुग्ण कोण बघणार? तुमचा अधिनियम येणार आहे का रात्री?’

चार दिवसांत वाचलेल्या पानांत याचं उत्तर कुठंच नव्हतं. मी मगदूम सरांकडे पाहिलं. ते शब्दाला जागून खिडकीबाहेर बघत होते.

‘मी बोलू का?’ सिस्टर सातपुते म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना वाटलं असावं, कपाट सांभाळणारी बाई आपल्याच बाजूनं बोलणार. मलाही तेच वाटलं.

‘त्या पाच जणी न सांगता गेल्या, कारण सांगितलं असतं तर कागद मिळाले नसते. तसेही मिळाले नाहीतच. दुसरी प्रत काढायला मुंबईला खेपा घातल्या त्यांनी, सहा-सहा महिने. डॉक्टर, कपाटामुळं कुणी थांबत नाही. कपाटामुळं कुणी सांगत नाही, एवढंच. सांगून जाणारी असली तर मी तिच्या जागी दुसरी तयार करून देईन. साठ दिवस द्या मला. आधी साठ दिवस सांगायचं आणि त्या दिवसांत आपली जागा दुसरीला शिकवायची, असं लिहा त्या कलमात. ते पोरी पाळतील.’

‘कशावरून पाळतील?’

‘मी जामीन.’

डॉक्टर थोडं हसले. ‘सिस्टर, तुमच्यासारख्या सगळ्या असत्या तर मला करार कशाला लागला असता? तुम्ही सरकारी नोकरी नाकारून इथं राहिलात. दर वर्षी मी हे सगळ्यांना सांगतो.’

‘हो, सांगता,’ त्या म्हणाल्या. ‘ते खरं नाही.’

मग त्या डॉक्टरांकडे वळून बोलू लागल्या.

‘मी तीस वर्षांची होते. नर्सिंगच्या सरकारी शाळेत शिकवायला माझी निवड झाली होती. मला शिकवायचंच होतं, वॉर्डात उभं राहायचं नव्हतं. तेव्हा हॉस्पिटल तुमचे वडील बघत. त्यांच्याकडे कागद मागितले. उद्या देतो म्हणाले. वॉर्ड भरलेला होता, त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. पण तो उद्या आला नाही आणि पडताळणीची तारीख निघून गेली. नंतर ते सगळ्यांना सांगू लागले, एस्तेर आपल्यासाठी थांबली. मी खोडून काढलं नाही. ऐकायला बरं वाटायचं. मग त्यांनी मला मेट्रन केलं आणि त्याच कपाटाची किल्ली दिली. वीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागद त्यात ठेवतेय.’ त्यांनी कमरेच्या जुडग्याला हात लावला. ‘माझेही त्यातच आहेत, डॉक्टर. दुसऱ्या खणात.’

डॉक्टरांचा चेहरा उतरला. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. बाहेर कुणी तरी दार वाजवलं, त्यांनी नंतर या म्हणून सांगितलं. मग मसुदा पुढं ओढून त्यांनी नवव्या कलमाचं पान उघडलं.

‘साठ दिवस,’ ते म्हणाले. ‘आणि जागा शिकवून जायचं. लिहा.’

मी तिथंच हातानं लिहिलं. मगदूम सरांनी वाचलं, एक स्वल्पविराम बदलला आणि कागद परत दिला.

केबिनमधून बाहेर पडल्यावर सिस्टर सरळ रेकॉर्डच्या खोलीकडे गेल्या. अर्ध्या तासानं सारिका ऐवळे हातात प्रमाणपत्रांचं पाकीट धरून फाटकातून बाहेर जाताना मला दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कोल्हापुरात हजर व्हायचं होतं.

पुढच्या सोमवारी दुपारी, दोन पाळ्या एकमेकींना भेटतात त्या वेळी, वरच्या सभागृहात जमतील तेवढ्या नर्सेस जमल्या. सह्या घेण्याआधी करार मोठ्यानं वाचायचा, हा सिस्टरांचा आग्रह. मी वाचायला उभी राहिले तर त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. सगळी कलमं त्यांनी स्वतः वाचली, औषधांचे डोस सांगतात तशी सावकाश, प्रत्येक कलमानंतर थांबून. मग मागून एकीनं विचारलं, बाळंतपणाच्या रजेनंतर त्याच वॉर्डात परत घेतील का? दुसरीनं विचारलं, रात्रपाळीनंतर गाडी दारापर्यंत सोडणार की चौकापर्यंत? मी ‘दारापर्यंत’ हा शब्द तिथल्या तिथं घातला आणि डॉक्टरांकडून त्यावर सही घेऊन आले. नंतर प्रश्न थांबेचनात. मी उत्तरं देत होते आणि मला कळत होतं की आपण आजवर कोर्टात जे काही केलं ते हे नव्हतं. या बायका माझं लिहिणं वाचत होत्या, त्याच्याशी भांडत होत्या.

ज्या ड्युटीवर होत्या त्यांनी संध्याकाळी सह्या केल्या. बेचाळीस झाल्या. प्रत्येकीला सहीबरोबर तिचं पाकीट मिळालं. सगळ्यात खाली ‘मसुदा तयार करणार’ असं लिहून सरांनी जागा मोकळी सोडली होती. तिथं त्यांचं नाव येणार असं मी धरून चालले होते. ते म्हणाले, ‘माझं काय त्यात? तुझं घाल.’ छापील कागदावर वकील म्हणून माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

मी आवराआवर करत होते तेव्हा सिस्टर सातपुते टेबलापाशी आल्या.

‘माझा कुठाय?’

मला आधी कळलंच नाही. मेट्रनचा करार करायला कुणी सांगितलंच नव्हतं. चोवीस वर्षं त्यांच्याकडे नेमणुकीचा कागद नव्हता, आणि समितीनं मागितला असता तो वॉर्डातल्या नर्सेसचाच.

‘तुम्हाला लागेल का, सिस्टर?’ मी विचारलं.

‘मी नर्स आहे,’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्रेचाळिसावा करार घेऊन गेले. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, जसा काही पूर्वी कधी पाहिलाच नव्हता. सही केली. आपलं पाकीट मात्र माझ्यासमोर उघडलं नाही, पर्समध्ये ठेवलं.

समिती आली आणि गेली. सारिकाचं नाव अंतिम यादीत लागलं नाही, थोडक्यात हुकलं. ती आयसीयूतच राहिली आणि आता राहायचं की नाही हे आपल्या हातात आहे म्हणून राहायला बरं वाटतं, असं तिनं मला सांगितलं. करारानंतरच्या सहा महिन्यांत एकीनंही नोकरी सोडली नाही. डॉक्टर हे सरांना फोनवर दोनदा सांगून झाले होते.

सातव्या महिन्यात त्यांचा फोन थेट मला आला. ‘पहिली नोटीस आलीय. येऊन जाल का?’

त्यांच्या टेबलावर चार ओळींचं पत्र होतं. कलम नऊनुसार आजपासून साठ दिवसांनी मी नोकरी सोडत आहे, माझी जागा मी शिकवून जाईन. खाली सही, एस्तेर सातपुते.

‘कायद्यानं काही करता येईल का?’ असं डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘यात माझ्याकडून काही पाळायचं राहत नाही ना?’

मी त्यांना नाही म्हणून सांगितलं आणि खाली रेकॉर्डच्या खोलीत गेले. कपाट जागेवर होतं, आता त्यात एक्स-रेच्या फिल्म होत्या. सिस्टर पाळ्यांचा तक्ता लिहीत होत्या. मिरजेजवळ एक नवी नर्सिंगची शाळा निघाली होती. खासगी, लहानशी. तिथं त्या शिकवायला जाणार होत्या. एक्कावन्नाव्या वर्षी.

‘तुम्ही कधी बोलला नाहीत,’ मी म्हटलं.

‘तेव्हा कुठं माहीत होतं? कागद घरी नेले. महिनाभर टेबलावर ठेवले होते. रोज बघायची. एक दिवस वाटलं, हे तर अजून चालतात.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘त्या दिवशी मी पोरींसाठी बोलले असं सगळ्यांना वाटतं. डॉक्टरांनाही. वाटू दे. पण वकीलबाई, तुम्ही लिहिलंय म्हणून तुम्हाला सांगते. ते कलम मी रविवारी वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं एकही पोरगी नव्हती.’

साठावा दिवस रविवार होता. सुट्टी त्यांच्या हक्काची होती, घेतली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. सकाळी सातला त्या ड्युटीवर होत्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी दुपारी दोनला गेले आणि पुरुषांच्या वॉर्डाच्या दारात उभी राहिले. सिस्टर एकेका खाटेपाशी थांबून नव्या मेट्रनला रुग्ण समजावत होत्या. कुणाचं सलाईन कधी बदललं, कुणी सकाळपासून खाल्लं नाही, कुणाची बायको परगावची आहे म्हणून तिला जेवणाचा डबा द्यायचा. बावीस खाटा. तीन वाजून गेले. शेवटच्या खाटेशी नव्या मेट्रननं रजिस्टरवर सही केली. सिस्टरांनी ती सही नीट बघितली, वेळ घातली का ते तपासलं, आणि मग, पाळी संपल्यावर, त्या बाहेर आल्या.